कार्यालयात सगळे आपले, मैदानात कोणीच नाही

नमस्कार मंडळी!

दिवसा विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी विभागात नोकरी आणि संध्याकाळी शाळांच्या बास्केटबॉलला पंचगिरी, हे जमतं कसं, असं मला इथे बरेच जण विचारतात. वेळेचं गणित सोपं आहे. अमेरिकेत आमच्या विभागाची खरी धावपळ शरद ऋतूतल्या होमकमिंगला (माजी विद्यार्थी विद्यापीठात परत येतात तो सोहळा) आणि मे-जूनच्या रीयुनियनला (जुन्या वर्गांचे मेळावे). शाळांचा बास्केटबॉल नोव्हेंबर ते मार्च, बरोबर मधल्या काळात. डिसेंबरअखेर करसवलतीसाठी देणग्या येतात, तेवढे दिवस सामने वाटणाऱ्या असाइनरला आधीच नाही म्हणून कळवायचं. झालं.

अवघड आहे ते वेगळंच. दिवसभर मी नाती जपतो. कोणाच्या मुलीचं लग्न, कोणाची बढती, सगळं लक्षात ठेवायचं आणि कोणालाही दुखवायचं नाही. संध्याकाळी गळ्यात शिट्टी अडकवली की ओळखी विसरायच्या आणि दर मिनिटाला निम्म्या प्रेक्षकांचा रोष पत्करायचा. हायस्कूलच्या नियमांप्रमाणे पंचांचा अंमल सामन्याच्या निदान १५ मिनिटं आधी सुरू होतो आणि पंच मैदानाच्या नजरेआड गेले की संपतो. म्हणून सामन्यानंतर आम्ही गप्पा मारत थांबत नाही, तडक निघतो. आमच्या विभागाचं उलट: विद्यार्थी नजरेआड झाला की आमचं काम सुरू!

आता गावातले निम्मे पालक आमच्याच विद्यापीठाचे. मग मी एक पथ्य पाळतो. ज्याला देणगीसाठी फोन करायचा आहे, त्याच्या मुलाचा सामना मी घेत नाही. असाइनर वैतागतो, कारण पंच आधीच कमी. शिव्या खायला कोण येणार?

पिलू रिपोर्टर आठवतात का? महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळात नोकरी करून ते कसोटी पंच झाले. १९८६ साली लाहोरला पाकिस्तान-वेस्ट इंडीज कसोटीत ते आणि व्ही. के. रामस्वामी तटस्थ पंच म्हणून उभे राहिले. दोन्ही संघांपैकी कोणाचेच नसलेले पंच हवेत, म्हणून सीमेपलीकडून माणसं बोलावली होती. ती अपेक्षा शाळेच्या सामन्यातही तेवढीच असते, मानधन तेवढं किरकोळ.

आपल्या मराठी मंडळाच्या क्रीडादिनाला मला पंच म्हणून बोलावलंय. येतो. फक्त माझा भाचा खेळेल तो सामना दुसऱ्या कोणाला द्या, आणि खेळणाऱ्या मुलांच्या आईबाबांच्या खुर्च्या रेषेपासून जरा लांब मांडा.