वहीतला खाडा

(दृश्य : बालाघाटाच्या डोंगरातली पहाट. वस्तीवर ट्रॅक्टर उभा. ट्रॉलीत पत्र्याची पेटी, ज्वारीचं पोतं, एक शेळी आणि वर बसलेली लेकरं.)

दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातल्या वस्त्यांवरून असे ट्रॅक्टर ऊसतोडीला निघतात. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, केज. कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी थेट कर्नाटकात. गावात म्हातारी माणसं राहतात. मी याच डोंगरातली. आई-वडील कारखान्याला जायचे, तेव्हा मी आजीजवळ राहून शाळा शिकले.

पत्रकारितेत आले ती तालुका वार्ताहर म्हणून. पगार नव्हता, जाहिरात आणायची आणि तिचं कमिशन घ्यायचं. पहिल्याच वर्षी गळीत हंगामाच्या शुभारंभाचा फोटो पहिल्या पानावर आला, साखर कारखान्याच्या गव्हाणीत उसाची मोळी टाकतानाचा. त्याच दिवशी गाडीखाली सापडून गेलेल्या एका तोडकऱ्याची बातमी मी पाठवली होती. ती कुठल्याच पानावर आली नाही. मी ती बातमी कापडी पिशवीत घालून ठेवली. अजून आहे.

मग एप्रिल 2016. मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. रेल्वेचे फोटो सगळ्यांनी काढले, मीही काढले. रात्री टँकरपाशी रांगेत बसलेल्या बायकांजवळ फक्त बसून राहिले. त्यांचं बोलणं छापून उरत नव्हतं, त्यांचा आवाजच लागत होता. तिथून मी चित्रीकरणाकडं वळले. उसनवारीनं घेतलेला कॅमेरा आणि खटारा दुचाकी, एवढ्यावर.

(दृश्य : उसाचा फड. हात, कोयता, पाचट. चेहरे दिसत नाहीत.)

2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गेली. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या पाहणीत 82,309 बायकांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे सहा जणींमागं एक. तेव्हा बाहेरून गाड्या भरभरून पत्रकार आले. वस्तीवरच्या बायकांना एका दिवसात चार-चार वेळा तेच विचारलं गेलं. एका मावशीनं मला पेटीतली प्लॅस्टिकची पिशवी काढून दाखवली. त्यात सोनोग्राफीचा कागद, दवाखान्याचं कार्ड, औषधांची बिलं. म्हणाली, “कागदाचा फोटो घ्या. मपलं तोंड नका घेऊ. लेकीचं लगीन व्हायचंय.”

तेव्हापासून माझ्या चित्रपटांत हात दिसतात, कागद दिसतात. चेहरा तिनं होय म्हटलं तरच, आणि पुन्हा दोन दिवसांनी विचारून. गर्भपिशवी का काढली, याचं उत्तरही मला कागदातच सापडत गेलं. पाळीत त्रास झाला, घरी बसलं, की खाडा. दिवसाचे 500 रुपये दंड. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बाई बसली की कोयताच मोडतो. मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल म्हणून आगाऊ पैसे आधीच घेतलेले असतात. हंगामात ही उचल फिटली नाही, तर उरलेली पुढच्या वर्षाच्या अंगावर.

फडात “हक्क” हा शब्द मी फारसा ऐकला नाही. “उचल फिटली का?” हा प्रश्न मात्र रोज. आगाऊ पैसे देऊन माणसाला कामाला बांधून ठेवणं, याला आपल्या कायद्यात नाव आहे : वेठबिगारी. संविधानाचं कलम 23 तिला मनाई करतं. 1976 च्या कायद्यानुसार, एखाद्यानं आपलं कर्ज वेठबिगारीचं असल्याचं सांगितलं, तर ते तसं नाही हे पैसे देणाऱ्यानं सिद्ध करायचं असतं. 1982 मध्ये दिल्लीच्या एशियाडच्या (आशियाई क्रीडा स्पर्धांच्या) बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं आणखी पुढं जाऊन सांगितलं, की किमान वेतनाहून कमी मजुरीवर काम करून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच. इतका भक्कम कायदा, आणि फडातल्या बाईपर्यंत त्याची एक ओळही पोचलेली नाही. मला याचा संताप येतो. माझ्या सगळ्या कामाचा पाया हा संताप आहे.

(दृश्य : फडाजवळच्या कोपीच्या, म्हणजे झोपडीच्या आत चिमणीचा उजेड. शाळेची दोनरेघी वही.)

ही वही एका सातवीतल्या मुलीची. हंगामात शाळा सुटलेली, पण वही सोबत आणलेली. मागच्या पानापासून उलटं लिहिलंय. “आज दोन खेपा.” “आई आजारी, खाडा.” “मुकादमानं पावती दिली नाही.” हिशेबाची खरी वही मुकादमाकडं, त्यावर आईचा अंगठा. मुलीनं तिच्या बाजूचा हिशेब स्वतःच सुरू केला, कुणी सांगितलं नव्हतं.

मागच्या हंगामात आम्ही या मुलीच्या टोळीला आमचा चित्रपट दाखवला. ट्रॉलीच्या फाळक्याला पांढरी चादर बांधली. फडातली दृश्यं आली तेव्हा बायका हसल्या, एकमेकींचे हात ओळखायला लागल्या. मग कारखान्यावरच्या वजनकाट्याचं दृश्य आलं. त्यांचाच ऊस, त्यांचाच ट्रॅक्टर, आणि काट्यावरची पावती अगदी जवळून. इतकी वर्षं ऊस तोडूनही त्यांच्यातल्या कित्येकींनी काटा पाहिला नव्हता. ट्रॅक्टर निघून गेला की त्या पुढच्या सरीला लागायच्या.

“ताई, थांबवा,” अंधारातून आवाज आला. “ते वजन परत दाखवा.”

मी मागं घेतलं. पावतीवर चित्र थांबवलं. मुलगी पुढं आली, चादरीजवळ उकिडवी बसली आणि वही उघडून आकडा उतरवून घ्यायला लागली.