चार मिलिमीटरचं छप्पर

[दृश्य: ठाणे, वागळे इस्टेट. मे महिन्याची दुपार. कारखान्याच्या गच्चीवर काळ्या शीटचे रोल उभे करून ठेवलेले.]

निवेदन:

वागळे इस्टेट, ठाणे. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि तिची पहिली वसाहत इथे वसली. इथल्या गाळ्यांवर दोन तऱ्हेची छपरं दिसतात. एक उतरत्या पत्र्यांचं, दुसरं सपाट स्लॅबचं. पत्र्यावरचं पाणी आल्या पावली निघून जातं. स्लॅबवरचं पाणी बसतं, दम घेतं, आणि खालच्या कोणत्या मशीनवर पडायचं ते सावकाश ठरवतं.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. म्हणजे एका चौरस मीटरवर ९४४ लिटर. दहा हजार चौरस फुटांच्या गच्चीवर पावणेनऊ लाख लिटर. आकडा भीतीदायक आहे, पण उतार आणि पाइप धड असतील तर असा पाऊसही वाहून जातो. छपराला खरं खातं ते आठवडाभर एकाच खळग्यात साचलेलं दोन बोटं पाणी.

[दृश्य: जुन्या गच्चीवरचा कोबा. सिमेंटवर दोरीने आखलेले चौकोन, मधून गेलेली भेग.]

आपल्याकडचा जुना उपाय म्हणजे ब्रिकबॅट कोबा. विटांचे तुकडे सिमेंट-वाळूत बसवायचे, त्यांनाच उतार द्यायचा, वर सिमेंटचा गुळगुळीत थर. चार इंचांचा कोबा चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास भरतो. ऊन अडवतो, उतार देतो, उगाच नावं ठेवण्यासारखा नाही. पण वीट पाणी पिते. वरच्या थराला केसाएवढी भेग पडली की पाणी कोब्यात उतरतं आणि आतल्या आत फिरत राहतं. भेग पश्चिमेच्या कोपऱ्यात असते आणि गळती पूर्वेच्या. खाली डाग दिसला म्हणून बरोबर त्याच्याच वर सिमेंट थापणाऱ्यांचे पैसे म्हणूनच वर्षानुवर्षं वाया जातात.

[दृश्य: रोलची कड जवळून. जाडी मोजणारी पट्टी.]

दुसरा उपाय म्हणजे गच्चीवर चिकटवायची ही पाणी अडवणारी काळी शीट. हा रोल एक मीटर रुंद, दहा मीटर लांब. जाडी चार मिलिमीटर. वजन चाळीस किलोंच्या वर, म्हणजे चौरस मीटरला जेमतेम चार-साडेचार किलो. बाजारात याला एपीपी मेंब्रेन म्हणतात.

यातलं डांबर आपल्या ओळखीचं. कच्च्या तेलातून पेट्रोल, डिझेल काढून झाल्यावर तळाशी उरतं ते. नुसतं डांबर उन्हात पाघळतं आणि थंडीत तडकतं. मे महिन्यात काळ्या गच्चीचा पृष्ठभाग साठ अंशांच्या पुढे जातो. अशा ठिकाणी नुसत्या डांबराचा काय भरवसा?

याचं उत्तर इटलीत सापडलं. १९५४ साली मिलानमध्ये जुलिओ नात्ता यांनी पॉलिप्रोपिलीन घडवलं. १९६३मध्ये त्यांना कार्ल त्सिग्लर यांच्यासोबत रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण पॉलिप्रोपिलीन बनवताना त्याचाच एक मऊ, चिकट भाऊबंद तयार व्हायचा: अटॅक्टिक पॉलिप्रोपिलीन, म्हणजेच एपीपी. त्याचं करायचं काय, हे कोणालाच कळेना. साठच्या दशकात इटलीतल्या लोकांनी तो डांबरात मिसळून पाहिला. पुरेशा प्रमाणात घातला की मिश्रणाचा स्वभावच बदलतो. डांबरात प्लास्टिक राहत नाही, प्लास्टिकच्या जाळ्यात डांबर राहतं. मग ते दीडशे अंशांच्या आसपास जाईपर्यंत पाघळत नाही. मजा अशी, की पुढे पॉलिप्रोपिलीन बनवायची पद्धत इतकी सुधारली की हा टाकाऊ माल मिळेनासा झाला आणि तसला पदार्थ मुद्दाम बनवावा लागला.

थंड देशांत डांबरात एसबीएस नावाचं रबर घालतात. ते बर्फातही वाकतं. आपल्या उन्हाला एपीपी जास्त मानवतं. दोन्हींच्या पोटात पॉलिएस्टरची किंवा काचतंतूंची जाळी असते. ताण ती घेते.

[दृश्य: प्लास्टिकचा चौकोनी तुकडा कोब्यावर टेपने चिकटवलेला. सकाळी त्याच्या आत पाण्याचे थेंब.]

आता कामाचा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा भाग. कोबा सुकलाय का?

प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेप लावून रात्रभर ठेवायचा. सकाळी आत थेंब दिसले तर कोबा अजून ओला आहे. अशा कोब्यावर शीट टाकली की पाणी खाली कोंडलं जातं. दुपारी त्याची वाफ होते, वाफेला बाहेर पडायला जागा नसते, आणि शीटला फुगे येतात. मालक म्हणतो माल खराब. माल बहुतेक वेळा चांगलाच असतो. घाई झालेली असते, कारण कंत्राटदाराला सात जूनच्या आत बिल लावायचं असतं.

[दृश्य: प्रायमर मारलेली गच्ची. निळसर ज्योत. दोन माणसं वाकून रोल पुढे ढकलतायत.]

प्रायमर, म्हणजे शीट नीट चिकटावी म्हणून आधी मारलेला डांबराचा पातळ थर, वाळला. काम सुरू होतं सगळ्यात खालच्या जागेपासून, पाणी उतरायच्या पाइपच्या तोंडाशी. कौलं जशी खालून वर चढवत जातात, तसंच. म्हणजे वरची शीट खालच्या शीटवर चढते आणि पाणी जोडाच्या तोंडात शिरत नाही.

शीटच्या खालच्या अंगाला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो. गॅसच्या टॉर्चची ज्योत लागली की तो वितळतो आणि खालचं डांबर चकाकायला लागतं. चकाकी आली की रोल पुढे. ज्योत कमी पडली तर शीट नुसती अंथरल्यासारखी राहते. जास्त झाली तर आतली जाळी उघडी पडते. चांगला कारागीर थर्मामीटर वापरत नाही, चकाकीकडे बघतो.

बाजूच्या जोडावर दहा सेंटीमीटर शीट एकमेकींवर चढवायची, टोकाच्या जोडावर पंधरा. जोड नीट बसला की कडेने डांबराची बारीक, सलग गोट बाहेर येते. ती जिथे तुटली तिथे जोड कच्चा. तपासायला आलेल्या माणसाने बाकी काही नाही पाहिलं तरी चालेल, या गोटेवरून नजर फिरवावी.

आणि भिंतीकडे बघावं. स्लॅब आणि कठडा जिथे मिळतात तिथला काटकोन आधी सिमेंटने गोल करावा लागतो, नाहीतर शीट तिथे दुमडून चिरते. मग शीट भिंतीवर किमान वीतभर चढवायची आणि तिचं वरचं टोक खाचेत घालून बुजवायचं, किंवा ॲल्युमिनियमच्या पट्टीखाली दाबायचं. हे टोक उघडं राहिलं तर भिंतीवरून ओघळणारं पाणी सरळ शीटच्या मागे जातं. गळती गच्चीच्या मधल्या मोकळ्या भागात क्वचितच होते. ती होते भिंतीशी, पाइपशी, एसीच्या स्टँडच्या पायाशी. पण कोटेशन मागताना सगळे विचारतात चौरस फुटाचा भाव.

[दृश्य: गॅस सिलिंडर, शेजारी अग्निशामक. १९५३च्या आगीचं कृष्णधवल छायाचित्र.]

आगीचं एक सांगायला हवं. १२ ऑगस्ट १९५३ला अमेरिकेत, मिशिगनमधल्या लिव्होनियात, जनरल मोटर्सचा गिअरबॉक्सचा कारखाना जळाला. धातू कापणाऱ्या टॉर्चच्या ठिणग्यांनी पेट घेतला, आणि लोखंडी छपरावरचं डांबर उष्णतेने वितळून खाली आगीतच टपकत राहिलं. ते छप्पर या शीटचं नव्हतं, आणि आपल्या स्लॅब काँक्रीटच्या. तरीही टॉर्च बंद झाल्यावर दोन तास कोणीतरी गच्चीवर थांबलं पाहिजे. आपल्याकडे पाच वाजता सगळे खाली उतरतात.

[दृश्य: पाइपची तोंडं बंद केलेली. गच्चीवर पाणी.]

शेवटी पाणी भरून परीक्षा. पाइप बुजवून दोन इंच पाणी, अठ्ठेचाळीस तास. हे चौरस मीटरला पन्नास किलो ओझं आहे, तेव्हा जुन्या स्लॅबवर आधी इंजिनिअरला विचारावं. गच्ची पास झाली की उन्हापासून आडोसा: वर खडीचे दाणे असलेली शीट, ॲल्युमिनियमचा रंग, किंवा कापड अंथरून सिमेंटचा थर. काळी शीट उघडी ठेवली तर ऊन तिला हळूहळू ठिसूळ करतं.

[दृश्य: हॅमर ड्रिल घेऊन गच्चीचा जिना चढणारा माणूस.]

आणि मग हा येतो. अँटेनावाला, सोलरवाला, एसीवाला. चार बोल्ट मारतो आणि निघून जातो.

शीट फाडून पुन्हा टाकायची गरज नसते. बोल्ट काढायचा, जागा साफ करायची, प्रायमर लावायचा, आणि त्याच जातीच्या शीटचं ठिगळ भोकाच्या चारही बाजूंना पंधरा सेंटीमीटर जास्त घेऊन, कोपरे गोल कापून, टॉर्चने चिकटवायचं. स्टँड परत बसवायचाच असेल तर तो शीटच्या वर, काँक्रीटच्या ठोकळ्यावर. भोकात सिमेंट भरू नये, ते डांबराला धरत नाही. आणि हे काम मेमध्येच उरकावं. जुलैत ओल्या गच्चीवर टॉर्च मारला तर नुसती वाफ निघते.