लाल फळावरचं आवरण

श्रोतेहो, नमस्कार.

आस्कंद म्हटलं की आपल्याला काष्ठौषधींच्या दुकानातली वाळकी मुळी आठवते. अश्वगंधा ती हीच. पण हे झुडूप क्रीट बेटावर, सिसिलीत, दक्षिण स्पेनमध्येही पडीक, दगडाळ जमिनीत कुणी न लावता वाढतं. तिकडे गेल्यावर वांगी-बटाट्याच्या कुळातलं हे झाड आपण नेमकं ओळखायचं कसं, ते आज सांगते.

लाल फळ दिसलं की बहुतेकांची नजर तिथेच अडकते आणि फसगत होते. त्याच भागात कामोणी या रानभाजीची एक बहीण उगवते, तिचीही फळं पिकल्यावर नारिंगी-लाल होतात. म्हणून फळाच्या देठाकडे बघा. वांग्याला असते तशी हिरवी टोपी या कुळातल्या फळांना असते. कामोणीत ती इवलीशी राहते, फळ उघडंच असतं. आस्कंदात मात्र फूल गळलं की ती वाढू लागते आणि फळाला पुरतं वेढून टाकते. पुढे वाळून कागदासारखी होते. नखाने हलकेच फाडा, आत वाटाण्याएवढं, गुळगुळीत, शेंदरी फळ दिसेल.

असं आवरण रानपोपटीलाही असतं. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली आस्कंदाला तिच्याच गणात, म्हणजे जवळच्या नात्यातल्या वनस्पतींच्या गटात, घातलं होतं. १८५२ मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ द्यूनालने त्याला आजच्या ‘विथानिया’ गणात आणलं. पण रानपोपटीचं फूल पानाच्या बगलेत एकेकटं असतं. आस्कंदाची फुलं हिरवट पिवळी, बारीक, जवळजवळ बिनदेठाची, चार-सहा एकत्र दाटलेली. कामोणीची पांढरी, पाकळ्या मागे वळलेल्या.

आणि पान! माझा सगळ्यात जास्त भरवसा पानावर. आस्कंदाची कोवळी पानं आणि फांद्या राखट दिसतात, कारण त्यांवर पांढरी, फाटे फुटलेली लव असते. साध्या भिंगातूनही ती दिसते.

प्राचीन इजिप्तचा राजा तुतनखामेन याच्या अंत्यविधीतल्या पुष्पहारांत याचीच फळं ओवलेली आढळली आहेत. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी इजिप्तच्या माळ्यांना हे झाड चांगलंच माहीत होतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

फळ तोंडात टाकून खात्री करू नका, मुलांना तर हात लावू देऊ नका. फोटो घ्या: पानाची खालची बाजू, बगलेतला फुलांचा झुबका आणि आवरण फाडलेलं एक फळ. एवढ्यावर जाणकाराला झाडाचं नाव सांगता येईल.