दुकानाचा साइड बोर्ड निवडताना: आधी फुटपाथ बघा, मग डिझाइन

नमस्कार मंडळी. आजचा विषय आहे दुकानाचा साइड बोर्ड. भिंतीपासून काटकोनात रस्त्याच्या दिशेने बाहेर आलेला, दोन्ही बाजूंनी वाचता येणारा छोटा बोर्ड. गोल असला की बोर्डवाले त्याला लॉलीपॉप बोर्ड म्हणतात, चौकोनी दिव्याचा असला की डबल साइड ग्लो साइन. नवीन दुकान टाकताना बहुतेक जण शटरवरच्या मोठ्या बोर्डावर सगळा पैसा आणि सगळं डोकं खर्च करतात. साइड बोर्ड मात्र शेवटच्या दिवशी, "उरलेल्या शीटमध्ये हाही करून टाका" असं सांगून करून घेतात. माझं स्पष्ट मत आहे, गर्दीच्या पेठेत हे उलटं व्हायला हवं.

का, ते सांगतो. पुण्याचा लक्ष्मी रस्ता डोळ्यांसमोर आणा. दादरचा रानडे रोड किंवा कोल्हापूरचा महाद्वार रोड आणलात तरी चालेल. तुम्ही फुटपाथवरून, दुकानांना अगदी लागून चालताय. शटरवरचे मोठे बोर्ड तुमच्या डोक्यावर आहेत. ते तुम्हाला दिसतच नाहीत, कारण ते वाचायला रस्त्याच्या पलीकडे उभं राहावं लागतं. तुम्हाला दिसतात बाहेर टांगलेले कपडे, पुढे चालणाऱ्यांच्या पाठी आणि भिंतीतून बाहेर आलेले साइड बोर्ड. म्हणजे मोठा बोर्ड समोरच्या माणसासाठी, साइड बोर्ड आपल्याच बाजूने येणाऱ्यासाठी. त्यामुळे डिझाइन उघडायच्या आधी एकच प्रश्न स्वतःला विचारा: माझं गिऱ्हाईक कोणत्या दिशेने, कसं येतं? चालत की गाडीवर?

याचा हिशेब सोपा आहे. माणूस साधारण ताशी पाच किलोमीटरने चालतो. १० मीटरवरून बोर्ड दिसला, तर बोर्डाखाली पोहोचेपर्यंत त्याला सात सेकंद मिळतात. तोच माणूस स्कूटरवर ताशी तीसने येत असेल, तर तेच अंतर सव्वा सेकंदात संपतं. सव्वा सेकंदात काय वाचून होईल? एक शब्द, फार तर एक शब्द आणि एक चित्र. मोबाइल नंबर, "होलसेल व रिटेल", "प्रोप्रायटर अमुक", "आमची कोठेही शाखा नाही", हे काहीही त्या बोर्डावर नको. ते सगळं मोठ्या बोर्डावर लिहा, काचेवर लिहा. साइड बोर्डावर दुकानाचं नाव किंवा तुमचा धंदा, यातलं जे गिऱ्हाईक शोधत येतं तेवढंच.

नाव की धंदा, यावर घराघरात वाद होतात. दुकान जुनं आणि नावावर चालणारं असेल तर नाव लिहा. नवीन असाल तर "चष्मे", "दंतवैद्य", "किल्ल्या", "पुस्तकं" हा शब्द तुमच्या नावापेक्षा जास्त गिऱ्हाईक आणेल. आणि जमत असेल तर शब्दाच्याही आधी चित्र. चष्म्याच्या दुकानाबाहेर चष्म्याच्याच आकाराचा कापलेला बोर्ड असला, की तो वाचावाही लागत नाही.

चित्राचा विषय निघालाच आहे तर मेडिकल स्टोअरवाल्यांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. पांढऱ्यावर लाल क्रॉस लावू नका. ते औषधाच्या दुकानाचं चिन्ह नाही, रेड क्रॉसचं चिन्ह आहे. युद्धात जखमींची सेवा करणाऱ्यांना संरक्षण मिळावं म्हणून ते राखून ठेवलेलं आहे आणि आपल्याकडे जिनिव्हा कन्व्हेन्शन्स ॲक्ट, १९६० नुसार सरकारच्या परवानगीशिवाय ते वापरता येत नाही. बाजारात किती ठिकाणी दिसतं यावर जाऊ नका. फ्रान्स, इटलीत औषधाच्या दुकानांबाहेर हिरवा क्रॉस असतो, तो रात्री लांबूनही ओळखू येतो. तुम्हीही हिरवा घ्या.

आता अक्षरं. बोर्डवाल्यांचा एक ढोबळ नियम आहे: दहा फुटांवरून नीट वाचता यावं यासाठी एक इंच उंचीचं अक्षर. तीस फुटांसाठी तीन इंच. पण हा नियम रोमन कॅपिटल अक्षरांवरून आलेला आहे. आपल्या लिपीत वर वेलांटी, मात्रा, रफार येतो, खाली उकार येतो, जोडाक्षर एकावर एक चढतं. "स्फूर्ती" हे नाव तीन इंचांच्या पट्टीत बसवलं, तर मधल्या अक्षराला पट्टीची जेमतेम अर्धी उंची मिळते. म्हणून देवनागरीत शिरोरेघेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची मोजा, तीच तीन इंच ठेवा, आणि वर-खाली मात्रांना वेगळी जागा सोडा. बोर्डवाला संगणकावर नाव दाबून-ताणून चौकटीत बसवून देईल, ते मान्य करू नका. नाव लांब असेल तर दोन ओळी करा किंवा बोर्ड उभा घ्या. फॉन्ट जाड, पण आतली पोकळी भरून न जाणारा हवा, नाहीतर रात्री दिवा लागल्यावर "ष" आणि "प" सारखेच दिसतात. मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्त आणि बालू हे फॉन्ट मोफत मिळतात, दोन्ही बोर्डासाठी चांगले चालतात.

मराठीचा कायदाही इथेच येतो. दुकाने व आस्थापना कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी, देवनागरीतली पाटी बंधनकारक झाली आणि दुसऱ्या भाषेतली अक्षरं मराठीपेक्षा मोठी असता कामा नयेत असं ठरलं. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली होती, ते आठवत असेल. माझा सल्ला असा, साइड बोर्ड छोटा आहे, त्यात दोन भाषा कोंबूच नका. मराठी एकच ठेवा. मोठं, मोकळं दिसेल.

(कॅमेरा भिंतीजवळ, हातात ब्रॅकेट)

आता मला ज्यावर सगळ्यात जास्त बोलायचं आहे, तो हा ब्रॅकेट. बोर्ड कसा दिसेल यावर लोक तासभर बोलतात, आणि तो भिंतीला कसा धरला जाईल यावर एक मिनिटही नाही. हा बोर्ड लोकांच्या डोक्यावर लटकणार आहे हो.

दोन फूट बाय दोन फूट बोर्ड घ्या. वजन असेल सात-आठ किलो. ते कोणीही पेलेल. खरा जोर असतो वाऱ्याचा. बांधकामाच्या भारतीय मानकात, आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात, प्रत्येक शहरासाठी वाऱ्याचा मूळ वेग दिलेला आहे. पुण्यासाठी सेकंदाला ३९ मीटर, मुंबईसाठी ४४. पुण्याच्या वेगाने एका चौरस मीटरवर साधारण ९० किलोचा दाब येतो. आपल्या दोन बाय दोनच्या बोर्डावर तो होतो ३५ किलो. आणि हा झाला साधा हिशेब, इंजिनिअर यात आकाराचा गुणांक धरून आकडा अजून वाढवेल. बोर्ड तीन बाय तीनचा केलात की जोर सव्वादोनपट. आकार वाढवताना हे लक्षात असू द्या.

हा ३५ किलोचा जोर कुठून येतो? बोर्ड भिंतीला काटकोनात आहे, म्हणजे वारा त्याला आडवा ढकलतो, दारासारखा फिरवायला बघतो. बोर्डाचा मध्य भिंतीपासून दीड फुटावर असेल आणि बेस प्लेटच्या, म्हणजे ब्रॅकेटच्या भिंतीला टेकणाऱ्या पट्टीच्या, डाव्या-उजव्या बोल्टमध्ये फक्त पाच इंच असतील, तर एका बाजूच्या बोल्टांवर सव्वाशे किलोची ओढ येते. फॅब्रिकेटर बहुतेक वेळा वजनाचा विचार करून प्लेट उंच करतो आणि अरुंद ठेवतो. वजनासाठी ते बरोबर आहे. वाऱ्यासाठी प्लेट रुंद हवी, किंवा बोर्डाच्या बाहेरच्या टोकापासून दोन्ही बाजूंना भिंतीपर्यंत तिरके ताण, म्हणजे ओढून धरणाऱ्या सळ्या किंवा तारा, हवेत. हे दोन ताण मागून घ्या. खर्च फारसा नाही.

मग भिंत. इथे चूक झाली तर वरचा सगळा हिशेब वाया. आरसीसी बीम किंवा कॉलम मिळाला तर त्यातच फास्टनर, म्हणजे भोकात घट्ट बसणारा बोल्ट, मारा. पुढे एसीपी शीटचं क्लॅडिंग, म्हणजे भिंतीवर चढवलेलं ॲल्युमिनियम पॅनेलचं आवरण, असेल तर त्याला बोर्ड लावायचा नाही, शीट कापून मागच्या काँक्रीटपर्यंत जायचं आणि कापलेल्या जागी पाणी जाणार नाही असं सील करायचं. हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंतीत साधा फुगणारा फास्टनर धरत नाही, ब्लॉक चुरतो. आणि पेठेतल्या जुन्या वाड्यात दुकान असेल, मातीत रचलेल्या विटांची भिंत असेल, तर तिथे फास्टनर नकोच. बोल्ट भिंतीतून आरपार न्या आणि आतल्या बाजूला रुंद लोखंडी प्लेट लावून आवळा. भिंत वाजवून पोकळ आवाज आला तर आधी गवंडी बोलवा, बोर्डवाला नंतर.

कोकणात, गोव्यात, मुंबईत समुद्राजवळ असाल तर रंगवलेलं साधं लोखंड फार टिकत नाही. हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला, पाइप घ्या, नट-बोल्ट स्टेनलेसचे, आणि अगदी किनाऱ्यावर असाल तर ३१६ ग्रेडचे. ॲल्युमिनियमच्या चौकटीला स्टेनलेसचा बोल्ट लावताना मध्ये नायलॉनचा वॉशर हवा, नाहीतर खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम बोल्टभोवती झिजत जातं. रत्नागिरी, अलिबागच्या मंडळींना निसर्ग वादळ आठवत असेल, जून २०२०. तिथे मी तर पूर्ण पत्र्याचा बोर्ड टाळून मधून वारा जाईल असा, कापलेल्या अक्षरांचा बोर्ड घेईन.

उंची किती? बोर्डाची खालची कड फुटपाथपासून किमान आठ फूट, शक्यतो नऊ. उघडी छत्री घेऊन उंच माणूस गेला पाहिजे, डोक्यावर गठ्ठा घेतलेला हमाल गेला पाहिजे. फुटपाथ अरुंद असेल तर बोर्डाचं टोक रस्त्यावर येऊ देऊ नका, टेम्पो कडेला लागला की पहिला धक्का त्यालाच बसतो.

परवानगीचं काम टाळू नका. फुटपाथवरची हवा आपली नसते, ती सार्वजनिक जागा आहे. मुंबईत महापालिका कायद्याचं कलम ३२८ आणि ३२८ अ, बाकीच्या महापालिकांत महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाची कलमं २४४ आणि २४५ आकाशचिन्हं आणि जाहिरातफलकांसाठी आहेत. पुण्यात हे काम आकाशचिन्ह व परवाना विभागाकडे असतं. ऑर्डर देण्याआधी तिथे जाऊन भिंतीपासून किती बाहेर चालेल, दिव्याच्या बोर्डाला काय लागेल, हे विचारून घ्या. जागा भाड्याची असेल तर मालकाचं आणि सोसायटीचं संमतीपत्रही लेखी घ्या. मे २०२४ मध्ये घाटकोपरला होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली. ते १२० फुटी होर्डिंग होतं, आपला बोर्ड दोन फुटांचा आहे. पण खालून जाणारा माणूस तोच आहे.

दिव्याचं थोडक्यात सांगतो. आतले एलईडी मॉड्यूल ठिपक्यांसारखे दिसू नयेत म्हणून डबल साइड पेटीला पुरेशी खोली लागते, चार-पाच इंच धरा. ॲडॉप्टर बोर्डात न ठेवता दुकानात ठेवा, वर फक्त १२ व्होल्टची वायर न्या. ॲडॉप्टर बिघडला तर शिडी लावावी लागत नाही आणि पावसात वरच्या धातूच्या पेटीत २३० व्होल्ट नसतात. वीस वॅटचा बोर्ड रोज पाच तास लावला तर महिन्याला तीनच युनिट जातात, त्यामुळे बिलासाठी मंद दिवा घेऊ नका. उलट फार पांढराशुभ्रही नको, त्याने अक्षरांच्या कडा फुटतात.

ऑर्डर देण्याआधी एक प्रयोग मात्र नक्की करा. पुठ्ठ्याचा खऱ्या मापाचा बोर्ड कापा, त्यावर नाव चिकटवा, काठीला बांधून कोणाला तरी नेमक्या जागी धरायला सांगा. तुम्ही दोन्ही बाजूंना पन्नास पन्नास पावलं जा आणि मोबाइलवर फोटो काढा, झूम न करता. शेजारच्याचा बोर्ड आड येतोय? झाडाची फांदी येतेय? मग फूटभर वर घ्या किंवा दुकानाच्या दुसऱ्या कडेला न्या. संध्याकाळी पुन्हा एकदा बघा, दुकान पश्चिमेला तोंड करून असेल तर उन्हाची तिरीप बोर्डावर कशी येते ते तेव्हाच कळतं.

कोटेशन घेताना त्यात या गोष्टी लिहून घ्या: पाइपची जाडी, बेस प्लेटचं माप, फास्टनर कोणता आणि कशात मारणार, ताण किती, एलईडीची वॉरंटी. नुसतं "साइड बोर्ड, एक नग" असं लिहिलेलं कोटेशन परत पाठवा. आणि दर वर्षी एप्रिलमध्ये, वळवाचा पहिला वारा सुटायच्या आत, शिडी लावून नट आवळून घ्या, गंज कुठे आलाय ते बघा.

तुमच्या दुकानाची भिंत कशाची आहे आणि रस्ता किती रुंद आहे, ते खाली लिहा. वाड्यातल्या भिंतींवर पुढचा व्हिडिओ करतोय, त्यात तुमचे प्रश्न घेईन.