पेडलला कॉर्ड कुठून कळते?

(ठाण्यात नौपाडा येथे गिटार वाजवत गाणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

नमस्कार. आज इथे बसलेल्यांपैकी बहुतेक जण गिटार घेऊन एकट्याने गातात, आणि मुखड्याला आणखी एक आवाज जोडीला असता तर गाणे किती भरले असते, असे प्रत्येकाला कधी ना कधी वाटलेले आहे. हार्मनी पेडल माइकमधून आलेला तुमचाच आवाज घेते, तो वर किंवा खाली सरकवते आणि मूळ आवाजाबरोबर ऐकवते. इव्हेंटाइड कंपनीचे एच910 हे यंत्र 1970च्या दशकाच्या मध्याला आले तेव्हा अशी सोय स्टुडिओपुरती होती. आता ती पायाखालच्या डबीत मावते. पेडल घ्यायला गेलेला माणूस मात्र बहुधा त्यातले आवाजाचे नमुने ऐकत बसतो आणि मुख्य प्रश्न विचारायचा राहून जातो: दुसरा स्वर कोणता लावायचा, हे या यंत्राला सांगणार कोण?

काही यंत्रांना आपण पट्टी आधी नेमून द्यायची असते. बॉसचे व्हीई-20 या जातीचे. त्याला गिटारची केबल लावायची सोयच नाही. टीसी-हेलिकॉनचे हार्मनी सिंगर किंवा बॉसचे व्हीई-8 यांत माइकबरोबर गिटारही जोडतात, आणि आपण वाजवतो ती कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरांचा गट, ओळखून यंत्र जोडस्वर (आपल्या आवाजाला जोडायचा दुसरा स्वर) ठरवते.

हा फरक किती मोठा आहे ते एका स्वरावर पाहू. पट्टी सी मेजर आहे, तुम्ही षड्ज लावून धरला आहे आणि गिटारवर एफ मेजर कॉर्ड आली आहे. नेमलेल्या पट्टीवर चालणारे यंत्र नियमाप्रमाणे तिसरा स्वर, म्हणजे गंधार देईल. पण एफ कॉर्डमध्ये मध्यम वाजतो आहे, आणि गंधार व मध्यम यांच्यात अर्ध्या स्वराचेच अंतर असल्यामुळे कानाला ते टोचते. गिटार ऐकणारे यंत्र सहसा तिथे कॉर्डमधलाच स्वर निवडते. त्याच गाण्यात एफ मायनर आली तर पहिल्या जातीचे यंत्र तुमच्या मध्यमाला शुद्ध धैवत जोडेल, आणि गिटारवर तर कोमल धैवत असेल. तीन-चार साध्या कॉर्डची गाणी गाणाऱ्याला याचा त्रास फार होत नाही. चाल पट्टीबाहेर पाऊल टाकणारी असेल, तर मी गिटारची जोडणी असलेलेच पेडल घ्यायला सांगेन.

कॅपो, म्हणजे गिटारच्या दांडीवर लावून सगळ्या तारा वर चढवणारा चिमटा, वापरणाऱ्यांनी तर याचा विचार आधी करावा. काही वर्षांपूर्वी तलावपाळीजवळ दिवाळी पहाटेच्या एका छोट्या कार्यक्रमात मी काळी एकच्या (सी शार्प) पट्टीत, पहिल्या घरावर कॅपो लावून सीच्या शेपमध्ये, म्हणजे बोटांच्या मांडणीत, गायलो. पुढचे गाणे त्याच माइकवर एका मुलीचे होते, काळी पाचमध्ये (बी फ्लॅट). मी कॅपो तिसऱ्या घरावर नेला, जीचे शेप धरले, पण पेडलमधली पट्टी बदलायची राहिली. पहिल्याच मुखड्याला तिच्या आवाजामागून परके सूर आले आणि ती बिचारी थांबली. चूक सर्वस्वी माझी होती, आणि तिचा गोंधळलेला चेहरा मी अजून विसरलेलो नाही. गिटार ऐकणाऱ्या पेडलला प्रत्यक्ष वाजणारा स्वरच कळतो, म्हणून कॅपो कुठेही असला तरी त्याचे बिघडत नाही.

मात्र अशा पेडलला गिटार स्वच्छ ऐकू यायला हवी. गिटारची केबल आधी या पेडलमध्ये यावी आणि डिस्टॉर्शन, कोरस वगैरे गिटारचा आवाज बदलणारी पेडल त्याच्यानंतर लावावीत. नुसती पॉवर कॉर्ड (फक्त मूळ स्वर आणि त्याचा पंचम) वाजवली तर तिच्यात तिसरा स्वरच नसतो, त्यामुळे मेजर की मायनर हे यंत्राला अंदाजाने ठरवावे लागते. एकेक तार छेडत वाजवणाऱ्यांनी कॉर्ड बदलताना तिचे मुख्य स्वर शब्द येण्याआधी वाजवावेत, नाहीतर पहिल्या अक्षराला मागच्याच कॉर्डचा जोडस्वर येतो.

आता आपल्या गाण्याकडे येतो, कारण माझ्या मते खरी अडचण तिथे आहे. आपण रिषभावरून गंधारावर मींडेने जातो. आपला आवाज सलग सरकतो, पण जोडस्वराला सप्तकातल्या ठरलेल्या स्वरांवरच उभे राहायचे असते, म्हणून तो जिना चढल्यासारखा उडी मारतो. मुरकीत हे आणखी उघडे पडते. त्यामुळे अंतऱ्यात, जिथे हरकती येतात तिथे, पेडल बंद ठेवावे आणि मुखड्याच्या सरळ, लांब स्वरांना पायाने चालू करावे. भावगीत गाणाऱ्याने तर शब्द संपता संपता पेडल बंद करण्याची सवय घरीच लावून घ्यावी.

रागावर आधारलेल्या चालींसाठी, पट्टी नेमायची असेल तेव्हा, एक उपाय सांगतो. पांढरी एकमधल्या (सी) यमनाला तीव्र मध्यम लागतो, म्हणून यंत्रात सी मेजरऐवजी जी मेजर नेमावी. तेच सात स्वर मिळतात. भीमपलासीतले कोमल गंधार आणि कोमल निषाद हवे असतील तर काळी पाचची मेजर, म्हणजे बी फ्लॅट, नेमावी. भैरवाचे स्वर कोणत्याच मेजर सप्तकात बसत नाहीत. तिथे जोडस्वराचा मोह सोडावा आणि सोय असेल तर नुसता षड्ज किंवा पंचम धरून ठेवावा.

साथीला पेटी असेल तर आणखी एक काळजी. ही यंत्रे सहसा ए स्वर 440 हर्ट्झ धरून चालतात, आणि पेटी नेमकी तिथेच मिळवलेली असेल असे नाही. गिटार पेटीला मिळवलीत तर पेडलचा हा आकडाही बदलता येतो का, ते आधी पाहावे.

दुकानात जाताना आपलीच गिटार, आपलाच माइक आणि सर्वांत अवघड कॉर्ड असलेले आपलेच गाणे घेऊन जावे. हेडफोन लावून आधी फक्त जोडस्वर ऐकावा: तो बारीक, लहान मुलासारखा वाटतो का, आणि तुमच्या उच्चारामागे रेंगाळतो का. मग तो मूळ आवाजाच्या इतका खाली आणावा की चालू असताना वेगळा जाणवू नये, पण बंद केला की गाणे रिकामे वाटावे. मंचावर साउंडवाल्यांना तीच पातळी तुमच्या मॉनिटरमध्येही (गाणाऱ्याकडे तोंड असलेल्या स्पीकरमध्ये) द्यायला सांगा, कारण स्वतःचा मूळ स्वर झाकला गेला तर गाणारा नकळत जोडस्वराकडे ओढला जातो आणि मग पेडलही त्या चुकीच्या स्वरालाच जोड देत राहते.