सीट कुठे बसवायची?

(दृश्य: हँगर. छोटं, एका सीटचं, घरी बांधलेलं विमान. चाकांखाली वजनकाटे.)

शेपटीचं चाक घोडीवर चढवलंय. ते जमिनीवर टेकलं असतं तर विमान नाक वर करून बसलं असतं, आणि तिरक्या विमानाचं वजन घेतलं की आकडे फसवतात. म्हणून आधी पातळी बघायची, मगच वजन. दोन्ही मुख्य चाकांखाली एकेक काटा, शेपटीखाली तिसरा. पंखाच्या पुढच्या कडेवरून ओळंबा सोडून जमिनीवर खडूची रेघ मारली आहे. यापुढची सगळी अंतरं या रेघेपासून मोजायची.

आता पायलट आत बसतो. उडताना घालणार तेच कपडे, पाठीमागे तीच उशी. पट्टे आवळतो, पाय पेडलवर ठेवतो आणि स्तब्ध राहतो. शेपटीखालचा काटा १४ किलोंनी चढतो. मुख्य चाकं रेघेपासून किती दूर आणि शेपटीचं चाक त्यांच्यापासून किती दूर हे माहीत असलं की या १४ किलोंवरून कळतं, ७० किलोंच्या या माणसाचं वजन रेघेच्या ९० सेंटिमीटर मागे पडतंय. सीटला टेप लावून हे भागत नाही. बसलेल्या माणसाचा गुरुत्वमध्य, म्हणजे सगळं वजन जिथे एकवटल्यासारखं तोललं जातं तो बिंदू, पोटाच्या आसपास असतो. पाठ कलती केली की तो मागे जातो, पाय लांब पसरले की थोडा पुढे येतो.

एवढा आटापिटा कशासाठी? हे विमान रिकामं २५० किलोंचं. त्यात ३० किलो इंधन आणि ७० किलोंचा पायलट धरला तर उडताना ते ३५० किलो भरतं. म्हणजे पाचवा हिस्सा एकटा पायलटच. आणि माणूस बदलला की हा हिस्साही बदलतो.

(दृश्य: कागदावर हिशेब.)

हिशेब शाळकरी आहे. प्रत्येक वजनाला त्याच्या अंतराने गुणायचं, बेरीज करायची, एकूण वजनाने भागायचं. रेघेच्या पुढे असलेल्या वस्तूचं अंतर उणे धरायचं. रिकाम्या विमानाचा गुरुत्वमध्य रेघेच्या २६० मिलिमीटर मागे आहे. इंधनाची टाकी नाकात, २०० मिलिमीटर पुढे. पायलट ९०० मिलिमीटर मागे. उत्तर येतं ३४९. पंखाची रुंदी, पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत, १३०० मिलिमीटर. गुरुत्वमध्य जास्तीत जास्त मागे कुठवर चालेल ती मर्यादा तिच्या ३० टक्क्यांवर, म्हणजे ३९० वर. अजून ४१ मिलिमीटर हातात आहेत. छान.

पण टाकी नाकात आहे. उडता उडता नाकातलं वजन जळून जातं. टाकी रिकामी धरून तोच हिशेब पुन्हा केला तर उत्तर ४०० येतं. विमान सुरक्षित तोलात उडलं आणि तोल बिघडलेल्या अवस्थेत उतरायला आलं! मध्ये कुणीही काहीही हलवलेलं नाही. भरल्या टाकीचाच हिशेब करून समाधान मानणारे इथेच अडकतात.

गुरुत्वमध्य मागे सरकला की नेमकं बिघडतं काय? शेपटीचा विमानाला सावरून धरण्याचा जोर कमी होतो. स्टिक, म्हणजे नाक वर-खाली करायचा पायलटच्या हातातला दांडा, हलकी लागते. सुरुवातीला हे सुखावतं, बोटाच्या इशाऱ्यावर विमान वळल्यासारखं वाटतं. आणखी मागे गेलं की वाऱ्याच्या झोताने वर उचललेलं नाक आपणहून खाली येत नाही, उलट आणखी वर जायला बघतं. अशा विमानाला स्टॉलमधून (नाक फार वर गेल्याने पंखांची उचल तुटते तेव्हा) सोडवणं अवघड, आणि स्पिन लागली, म्हणजे ते गरगरत खाली येऊ लागलं, तर कधीकधी अशक्य. पुढच्या बाजूला झुकलेला तोल त्यामानाने प्रामाणिक. स्टिक जड लागते, उतरताना नाक पुरेसं उचलत नाही, पण विमान आपली तक्रार आधीच सांगतं.

मग सीट पुढे घ्यावी! १० सेंटिमीटर पुढे घेतली, तर रिकाम्या टाकीचा आकडा ४०० वरून ३७८ वर येतो. जमलं. आता ९० किलोंचा पायलट बसवा: ४०३. पुन्हा मर्यादेबाहेर. आणि ते १० सेंटिमीटर फुकट मिळत नाहीत. गुडघे पॅनेलला लागतात, स्टिक पोटात येते, पेडल्स पुढे न्यायची तर वाटेत फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि कॉकपिटमधली भिंत. सीट एकटी हलत नाही, सगळं कॉकपिट घेऊन हलते. त्यामुळे जाणकार आधी बॅटरी हलवतात, इंजिन ज्यावर बसतं तो माउंट लांबवतात, आणि काहीच जमेना तेव्हा नाकात शिसं भरतात. शिसं म्हणजे पराभवच; जन्मभर वाहायचं ओझं.

(दृश्य: जुनं पिटनपॉल एअर कँपर.)

बर्नार्ड पिटनपॉल यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मिनेसोटात हे विमान बांधलं, त्यावर फोर्ड मॉडेल ए मोटारीचं जड इंजिन. पायलट मागच्या सीटवर. आजचे बांधणारे बरेचदा हलकं इंजिन लावतात आणि स्वतः अंगाने भारी असतात. नाक हलकं, मागची बाजू जड. त्यांचा उपाय मला फार आवडतो. माणूस पुढे आणता येत नाही, तर पंखच मागे न्यायचा. पंख ज्या दांड्यांवर उभा असतो त्या मागे कलवल्या की काम झालं.

विमानरचनाकार बर्ट रुटान यांच्या लाँग-ईझेड या घरी बांधायच्या विमानात सगळं उलटं. इंजिन मागे, पायलट पुढे. इथे हलक्या पायलटची चिंता, कारण तो बसला की तोल मागे जातो. पायलट नसताना तर विमान मागे कलंडू शकतं; म्हणून पुढचं चाक आत घेऊन ते नाकावर टेकवून उभं करतात.

१९९७ मध्ये गायक जॉन डेन्व्हर यांचा मृत्यू लाँग-ईझेडच्या अपघातात झाला. तिथे प्रश्न तोलाचा नव्हता, हात पोचण्याचा होता. इंधन एका टाकीऐवजी दुसऱ्या टाकीतून घ्यायचा कॉक बांधणाऱ्याने मूळ आराखड्यातली जागा सोडून पायलटच्या डाव्या खांद्यामागे बसवला होता, आणि पेडलपर्यंत पाय पुरावेत म्हणून डेन्व्हर पाठीला उशी घेत; त्यामुळे कॉक आणखी मागे राही.

(दृश्य: धावपट्टी. पहिल्या उड्डाणाची तयारी.)

पहिली उड्डाणं सहसा गुरुत्वमध्य पुढच्या आणि मागच्या मर्यादेमधल्या पट्ट्याच्या पुढच्या अर्ध्यात ठेवून करतात. मग वाळूच्या किंवा शिशाच्या पिशव्या मागे घट्ट बांधून तो थोडाथोडा मागे न्यायचा, दर वेळी स्टिक किती हलकी झाली ते टिपायचं. कागदावरची मर्यादा यायच्या आधीच विमान सैल वागू लागलं, तर तिथेच थांबून मर्यादा पुढे आणायची. मग पुन्हा हिशेब करून पॅनेलवर पट्टी लावायची: पायलटचं किमान वजन इतकं, कमाल इतकं.