वाटणी निम्मी-निम्मी

[दृश्य: आंबेनळी घाटातलं हेअरपिन वळण, वरून. एक जीप सावकाश वळते.]

पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणाऱ्या घाटातलं हे वळण. जीपचं तोंड पुरतं उलटं फिरलं, म्हणजे अर्धं वर्तुळ झालं. तेवढ्यात बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा सुमारे ४.७ मीटर जास्त चाललं. वळण आवळ असो की ऐसपैस, हा आकडा तोच राहतो. तो ठरतो डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतरावर. इथे ते दीड मीटर धरलंय. त्याला ३.१४ने गुणा. पटत नसेल तर कागदावर एकात एक दोन वर्तुळं काढून बघा.

बैलगाडीला याची फिकीर नसते. तिची चाकं आसावर सुटी फिरतात आणि ओढणारे बैल पुढे असतात. इंजिनाने चाकांनाच फिरवायचं ठरवलं तेव्हा पंचाईत झाली. दोन चाकं एकाच दांड्याला घट्ट बसवली तर वळणावर एकाला फरफटावंच लागणार. यावरचा तोडगा मोटारीपेक्षाही जुना आहे. फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकर या घड्याळजीने १८२०च्या दशकात वाफेच्या गाडीसाठी डिफरन्शियलचं, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या जोडणीचं पेटंट घेतलं होतं.

[दृश्य: गॅरेज. मागच्या एक्सलचं हाऊसिंग उघडलेलं, काळं तेल ट्रेमध्ये.]

इंजिनाकडून मागे येणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे प्रोपेलर शाफ्टच्या टोकाला पिनियन हे दातेरी चाक असतं, ते क्राऊन या मोठ्या दातेरी चाकाला फिरवतं. क्राऊन-पिनियन ही जोडी प्रत्येक ट्रकवाल्याला ठाऊक. तिथून घरघर आली की खिशाला चाट. पण खरी करामत क्राऊनला जखडलेल्या पिंजऱ्यात आहे. आत एका आडव्या पिनवर छोटे गिअर सुटे बसवलेले असतात. त्यांच्या दोन्ही अंगांना आणखी एकेक गिअर, डाव्या आणि उजव्या चाकाचा. सरळ रस्त्यावर छोटे गिअर स्वतःभोवती फिरत नाहीत, पिंजऱ्याबरोबर नुसते वाहून नेले जातात. वळण आलं की ते गरगरू लागतात. मग एका चाकाचा वेग जेवढा घटतो, तेवढाच दुसऱ्याचा वाढतो.

छोट्या गिअरकडे तराजूच्या दांडीसारखं बघा. मध्यावर रेटा दिला की दोन्ही टोकांना सारखाच पोचतो. डाव्या-उजव्या चाकांच्या वेगात फरक पडेल, पण त्यांना मिळणाऱ्या बळात पडणार नाही. पुढचं सगळं यावरच उभं आहे.

[दृश्य: शेताकडची वाट. कारचं एक चाक चिखलात गरगरतंय, दुसरं कोरड्या मुरमावर निश्चल.]

गाडी अशी रुतली की जमलेल्यांपैकी कुणीतरी हमखास म्हणतं, ‘सगळी ताकद त्या फिरणाऱ्या चाकालाच चाललीय!’ बळाच्या बाबतीत हे साफ चूक. चिखलातलं चाक जेवढा विरोध करेल तेवढंच बळ त्याच्यावर लागू शकतं. आणि वाटणी निम्मी-निम्मी असल्यामुळे मुरमावरच्या चाकाच्या वाट्यालाही तेवढंच येतं. समजा, चिखलातल्या चाकाला ३० किलोचाच रेटा देता येतो. मग मुरमावरचं चाक ४०० किलो रेटायला तयार असलं तरी तेही ३०च देणार. एकूण ६०. एवढ्यात रुतलेली गाडी निघत नाही, इंजिन शंभर अश्वशक्तीचं असो की तीनशेचं. ॲक्सिलरेटर दाबून फक्त चिखल उडतो, कारण थांबलेल्या चाकाचा वेगही फिरणाऱ्याच्या पदरात पडतो आणि ते क्राऊनच्या दुप्पट वेगाने फिरतं.

[दृश्य: मावळातलं भातखाचर, चिखलणी चालू. ट्रॅक्टरच्या पेडलांवरचा पाय, जवळून.]

यावरचा उतारा ट्रॅक्टरवाल्याच्या पायाखाली आहे. ट्रॅक्टरला ब्रेकची पेडलं दोन असतात, डाव्या चाकाचं वेगळं आणि उजव्याचं वेगळं. बांधापाशी वळताना आतल्या बाजूचं पेडल दाबलं की ट्रॅक्टर जवळजवळ जागच्या जागी फिरतो. एखादं चाक गरगरायला लागलं तर त्याच चाकाचा ब्रेक हलका दाबायचा. रुतलेल्या गाडीला ब्रेक लावायचा, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण ब्रेकने २०० किलोचा विरोध उभा केला की पलीकडच्या चाकालाही २०० किलो जास्तीचं बळ मिळतं, आणि ते जमिनीला लागू पडतं. रस्त्यावर येताना मात्र दोन्ही पेडलं खिटीने एकत्र जोडायचीच. मागे उसाची ट्रॉली असताना एकाच चाकाने ब्रेक धरला तर काय होईल, ते सांगायला नको.

आजच्या कारमध्ये हेच काम सेन्सर आणि कॉम्प्युटर करतात. मारुतीची जिम्नी घसरणाऱ्या चाकाला आपणहून ब्रेक लावते. सोय छान आहे, पण इंजिनाची मेहनत ब्रेकच्या पॅडमध्ये उष्णता होऊन वाया जाते.

दुसरा उपाय राकट: लॉक. ट्रॅक्टरवर ते टाचेने दाबायचं पेडल असतं, पुण्याच्या फोर्स गुरखामध्ये पुढच्या आणि मागच्या दोन्ही एक्सलना लॉक मिळतं. लॉक लागलं की वाटणी संपली. दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात आणि ज्याच्याखाली पकड आहे ते सगळा भार घेतं. महिंद्रा थारच्या काही मॉडेलांत मागचं लॉक आपोआप बसतं: दोन चाकांच्या वेगात मिनिटाला शंभरेक फेऱ्यांचा फरक पडला की आतली छोटी वजनं बाहेर फेकली जातात आणि लॉक धरतं. मला स्वतःला हाताने लावायचं लॉकच आवडतं, आपण काय केलंय ते कळतं तरी. लावायचं चाकं गरगरण्याआधी, काढायचं वळण्याआधी. नाहीतर टायर घासतात आणि कधी एक्सलच तुटतो.

[दृश्य: टॉर्सनचे तिरक्या दात्यांचे गिअर, हळू फिरताना.]

साधं डिफरन्शियल आणि लॉक या दोन टोकांच्या मध्ये लिमिटेड स्लिपचं घराणं, म्हणजे चाकाला मर्यादेतच घसरू देणारी डिफरन्शियल. काहींत क्लचसारख्या प्लेटा असतात. त्यांना तेलही वेगळं लागतं, साधं ओतलं तर त्या कुरकुरतात. अमेरिकेच्या व्हर्नन ग्लीझमनने १९५८ साली पेटंट घेतलेल्या टॉर्सनमध्ये प्लेटा नाहीत. तिरके दाते एकमेकांत आवळले जातात, आणि कमी पकडीच्या चाकाच्या, समजा, तिप्पट बळ दुसऱ्याला मिळतं. ऑडीने ते आपल्या क्वाट्रो गाड्यांत पुढच्या-मागच्या एक्सलांच्या मध्ये बसवून नावारूपाला आणलं. ओल्या डांबरावर याच्याइतकं सफाईदार दुसरं नाही. पण चाक हवेत लटकलं की पकड शून्य, आणि शून्याची तिप्पट शून्यच. म्हणून अमेरिकी लष्कराच्या हमवी गाडीत पुढच्या आणि मागच्या दोन्ही एक्सलना टॉर्सन असूनही चालकाला शिकवतात: ॲक्सिलरेटर धरून ठेवा आणि ब्रेक हलका दाबा.

चारही चाकांना इंजिन जोडलं की आणखी एक प्रश्न येतो, कारण वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त चालतात. ज्या गाड्या कायम चार चाकांवर पळतात त्यांना मध्येही एक डिफरन्शियल लागतं. थारला ते नाही. म्हणून ४एच, म्हणजे चारही चाकांना इंजिन जोडणारा टप्पा टाकून कोरड्या डांबरावर वळलात तर गाडी आखडल्यासारखी चालते. मातीवर टायर घसरून ताण सुटतो, डांबरावर तो शाफ्टमध्ये आणि गिअरमध्ये साठत जातो. मग लिव्हरही अडकते. अशा वेळी ती ओढत बसू नका. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्या आणि मग २एच, म्हणजे दोनच चाकांचा टप्पा टाका.